दर उतरल्यावर

ताईचा भाऊ बँकेत कर्जविभागात आहे, हे तिच्या लाँड्रीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तीच ते सांगत सुटायची. नव्या रोलरकडे हात करून म्हणायची, "आमच्या छोटूनं करून दिलं." छोटू पंचेचाळिशीला टेकलेला, केस कपाळावरून पार मागे हटलेले, बँकेत लोक त्याला साहेब म्हणत. पण ताईच्या तोंडी तो छोटूच होता आणि त्यालाही त्याचं काही वाटत नव्हतं.

लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल आणि टेबलावरची कापडं, कारखान्यांचे गणवेश. सकाळी ताईचा नवरा व्हॅनमधून गाठोडी आणून टाकायचा, बायका ती सोडून वेगवेगळी करायच्या. रक्ताचे डाग असलेल्या चादरी आधी थंड पाण्यात, कारण गरम पाणी लागलं की डाग जन्माचा पक्का होतो. मग धुलाईची यंत्रं, मग तो रोलर. माणसाच्या उंचीचा, वाफेनं तापलेला. एका बाजूनं दोघींनी ओली चादर कडेला धरून आत द्यायची, दुसऱ्या बाजूनं ती कडक आणि कोरी होऊन बाहेर आली की दोघींनी झेलून घडी घालायची. पंख्याच्या जाळीवर कापसाचा भुरा साचलेला, भिंती घामेजलेल्या. तिथं बारा महिने उन्हाळाच.

जुना रोलर मध्येच थांबून चादरी करपवायला लागला, बॉयलरही गळायला लागला, तेव्हा ताईनं घर तारण ठेवून कर्ज काढलं. छोटूनं लाँड्रीच्या काचेच्या खोलीत बसून तिला नीट समजावलं होतं.

"ताई, दोन प्रकार आहेत. एकात व्याजाचा दर शेवटपर्यंत तोच. दुसऱ्यात मध्यवर्ती बँक आम्हाला ज्या दरानं पैसे देते, तो हलला की तुझाही हलतो. आजच्या घडीला दुसरा स्वस्त पडतोय."

"आणि वाढला तर?"

"वाढला तर वाढेल. उतरला की उतरेल. दोन्हीकडून सारखंच."

ताईनं सही केली.

पुढच्याच वर्षी सगळं महागलं. साबण, गॅस, व्हॅनचं डिझेल. बातम्यांत सांगत होते की महागाईला लगाम घालायचा म्हणून मध्यवर्ती बँकेनं दर वाढवला. बातमीची शाई वाळायच्या आत ताईच्या मोबाइलवर बँकेचा निरोप: आपला दर वाढला आहे, हप्ता तोच राहील, मुदत वाढेल. ताईनं छोटूला फोन लावला.

"मुदत वाढेल म्हणजे? माझ्या गवऱ्या मसणात गेल्यावर फेडू का?"

"हप्ता वाढला असता तर तुलाच जड गेलं असतं, म्हणून मुदत वाढवतात."

दुसऱ्यांदा दर वाढला, तेव्हा हप्ताही वाढला. तिसऱ्यांदाही. प्रत्येक वेळी त्याच महिन्यात, न चुकता. तिनं हॉटेलवाल्यांकडे भाव वाढवून मागितला, तर ते म्हणाले, आमचेही हप्ते वाढलेत. सगळ्यांचंच नाक दाबलेलं. तोंड कोणी कोणापुढे उघडायचं?

"पण महागाई आणि माझा रोलर, यांचा संबंध काय?" तिनं एकदा छोटूला विचारलं. "मी का साबण महाग केला?"

"कर्ज महागलं की लोक खर्चाला हात आखडता घेतात. धंदे वाढवत नाहीत, नवी माणसं घेत नाहीत. मागणी कमी झाली की भाव उतरतात. असा तो हिशोब असतो."

"म्हणजे भाव उतरावेत म्हणून मी माणसं काढायची?"

"तसं नसतं गं," छोटू म्हणाला. मग आवाज उतरवून, "म्हणजे, असतं तसंच. पण तसं म्हणत नाहीत."

ताईनं आधी जादा वेळेचे पैसे कमी केले. दीडपट द्यायची, ते साधे केले. बायका कुरकुरल्या, पण थांबल्या. मग तेही पुरेना. तेव्हा तिनं रोलरच्या झेलणाऱ्या बाजूला एकच बाई ठेवायची असं ठरवलं. गरज पडली की नवरा हात देईल. दोघींत काकू वयानं मोठ्या, त्यांचा पगार जास्त. जुन्या रोलरपासून त्या तिथं होत्या. त्यांच्या हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, भाजल्याच्या फिक्या रेघा होत्या.

ताईनं त्यांना काचेच्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं. दर वाढलाय, तिसऱ्यांदा वाढलाय, माझाही इलाज नाही. दर उतरला की पहिल्यांदा तुम्हालाच बोलावीन.

काकूंनी ॲप्रन काढला आणि सवयीनं त्याची चौपदरी घडी घालून टेबलावर ठेवला. "बरं," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी ताईनं जेवणाचा डबा तसाच परत नेला.

दर उतरल्याची बातमी नवऱ्यानं आणली. व्हॅनच्या रेडिओवर ऐकून तो आत येऊन म्हणाला, "तुझी ती मोठी बँक शेवटी पाघळली." ताईला इतकं हलकं वाटलं की तिनं सगळ्यांना चहा सांगितला. महिना संपला. हप्ता होता तेवढाच कापला गेला. छोटू म्हणाला, "वेळ लागतो ताई. बँकेनं लोकांच्या ठेवी चढ्या दरानं घेऊन ठेवल्यात. त्यांची मुदत संपेपर्यंत ते व्याज आम्हाला द्यावंच लागतं. चढताना लिफ्ट असते, उतरताना जिना."

तेव्हा ती हसली होती. ठेवीची गोष्ट तिला पटलीही. पण दर पुन्हा उतरला, पुढं आणखी एकदा उतरला, आणि हप्ता खांबासारखा जागच्या जागी. ती विचारी, तो म्हणे, होईल. मग तो फोन उशिरा उचलायला लागला. ती मनाला समजावी, कामात असेल बिचारा.

आणि मग हॉटेल गेलं. तिचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक, रोज व्हॅन भरून कपडे देणारं. व्यवस्थापकानं तोंड पाडून सांगितलं, नवी लाँड्री निघालीय, पार पलीकडच्या टोकाला, ते फारच कमी भावात करतायत.

त्या नव्या लाँड्रीवाल्याशी तिची गाठ पडली ती साबणाच्या घाऊक दुकानात. तिशीतला पोरगा, उन्हात नसतानाही डोक्यावर चढवलेला गॉगल, त्यामुळं सगळे त्याला गॉगलच म्हणत. ताई तोंड फिरवणार होती, पण तोच पुढं आला. वाकून बोलला.

"ताई, तुमचं नाव घेऊनच मला कर्ज मिळालं. बँकेत म्हटलं, लाँड्रीला त्यांना देता, तर मला का नाही? साहेबांनी स्वतः लक्ष घालून करून दिलं. तुमचे भाऊ ना ते? फार भला माणूस."

"काय दर लावला?" ताईनं विचारलं. तिला वाटलं, आपण सहजच विचारतोय.

त्यानं सांगितला. तिच्या दराहून पुरे दोन टक्के कमी होता.

तिच्या हातातला साबणाच्या भुकटीचा डबा तिनं सावकाश खाली ठेवला. कानात बॉयलरची शिट्टी वाजल्यासारखं झालं. पोरगा पुढंही काही बोलत होता, तिला त्याचे फक्त ओठ हलताना दिसत होते.

दुसऱ्या दिवशी बँक उघडली तेव्हा ती दारातच होती. छोटूनं तिला पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. तिला आतल्या खोलीत नेऊन दार लोटलं.

"त्याला दोन टक्के कमी कसा?" ताई उभ्यानंच म्हणाली.

"बस तरी."

"मी बसायला आले नाही."

"तो नवा आहे, ताई. नवं गिऱ्हाईक चार बँकांत फिरून भाव काढतं. कमी दर दिला नाही तर दुसरीकडे जातं. म्हणून नव्यांना उतरलेला दर लगेच लागतो."

"आणि जुन्यांना?"

छोटूनं टेबलावरचं पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "जुन्यांनाही मिळतो. अर्ज करावा लागतो. थोडं शुल्क भरलं की दर खाली आणून देतात."

"कधीपासून आहे हे?"

"पहिल्यांदा उतरला तेव्हापासून."

खोलीत थंडगार होतं. लाँड्रीतून आलेल्या माणसाला हुडहुडी भरावी इतकं. ताईचा आवाज मात्र अजून खालीच होता.

"मी तुला दर महिन्याला फोन केला. दर महिन्याला. आणि तू म्हणालास, वेळ लागतो."

"वरून सांगितलं होतं की मागेल त्याला द्या, आपणहून सांगत बसू नका. सगळ्या जुन्यांनी एकदम मागितलं तर बँकेचा नफा बुडतो. माझ्यावरही नजर असते, ताई. मी तुलाच तेवढं सांगितलं असतं आणि उद्या कुणी म्हणालं असतं, साहेबांनी घरच्यांना आतून सांगितलं, तर? तो पक्षपात झाला असता."

"मग सगळ्यांना सांगायचं होतंस."

छोटू टेबलावरचे कागद सारखे करायला लागला.

"पक्षपाताची एवढी भीती होती ना? सगळ्यांना सांगितलं असतंस तर पक्षपात कुठं राहिला असता? तू चोराला चोरी करू दिलीस आणि वर म्हणतोस, बहिणीचं घर एकटंच कसं वाचवू?"

"चोरी नाही ती. करारात आहे सगळं."

"वाढवताना मी अर्ज केला होता? तीनदा वाढवलात. एकदा तरी म्हणालात, बाई, अर्ज करा, मग वाढवतो?" आता तिचा आवाज चढला. "तुझा जिना म्हणे. जिना होता रे, पण त्याला कुलूप लावून किल्ली तू खिशात घातलीस, आणि मी खाली उभी राहून तुझ्या नावानं गोडवे गातेय. आमच्या छोटूनं करून दिलं."

"ताई, हळू. बाहेर लोक आहेत."

हे त्यानं बोलायला नको होतं. ताईनं वळून काचेतून पाहिलं. बाहेर खुर्च्यांवर लोक बसले होते. फर्निचरवाला होता, ज्याच्याकडून तिनं कपाट घेतलं होतं. औषधाच्या दुकानातल्या बाई होत्या. एक टेंपोवाला. सगळ्यांच्या मांडीवर पिशव्या आणि चेहऱ्यावर तो बँकेतला चेहरा, शाळेत उभं केलेल्या पोरासारखा.

तिनं दार उघडलं आणि हॉलच्या मध्यभागी जाऊन उभी राहिली.

"तुमच्यापैकी जुनं कर्ज कुणाकुणाचं आहे?" तिनं विचारलं. रोलरच्या आवाजापेक्षा मोठ्यानं बोलून बोलून तिचा गळा तयार झालेला. सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "दर केव्हाच उतरलाय. तुम्हाला कुणी सांगणार नाही. अर्ज मागा, दर खाली येतो. नव्यांना न मागता देतात आणि आपल्याकडून जुन्याच दरानं उकळतात. आत्ता मागा. मी उभी आहे इथं."

मग फर्निचरवाला उठला. गलेलठ्ठ माणूस, उठायला त्याला वेळ लागला. "माझा किती उतरेल?" त्यानं खिडकीतल्या मुलीला विचारलं. मुलीनं छोटूकडे पाहिलं. छोटू दारात उभा होता, पांढराफटक. औषधवाल्या बाईही उठल्या. "मीही विचारलं होतं मागं," त्या म्हणाल्या, "मला सांगितलं, थांबा." मग सगळेच बोलायला लागले. टेंपोवाल्यानं तर बँकेची अक्कलच काढली. मॅनेजर धावत बाहेर आला आणि हात जोडून म्हणायला लागला, एकेकानं या, सगळ्यांचं ऐकतो.

ताईनं अर्ज भरला, शुल्क भरलं आणि कुणाकडे न बघता बाहेर पडली. रस्त्यावर आल्यावर ती समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसली. रागाची अशी गंमत असते. तो असेपर्यंत माणूस पहाड, आणि ओसरू लागला की पायाखालची जमीनही बरोबर नेतो.

छोटू त्याच आठवड्यात घरी आला. चप्पल न काढता दारातच उभा राहिला.

"माझी बदली केली. दुसऱ्या शाखेत, वसुलीला. बढती होणार होती, ती गेली. मॅनेजरला वाटतंय, मीच तुला पढवून पाठवलं."

"नाही पढवलंस, हे मी सांगते त्यांना," ताई म्हणाली. "तीच तर माझी तक्रार आहे."

"तुला भाऊ म्हणून माझं काहीच वाटलं नाही? भर बँकेत?"

"तुला बहीण म्हणून वाटलं असतं, तर मला भर बँकेत ओरडावं लागलं नसतं."

ताईचा नवरा मध्ये पडला. "अहो साहेब, आत तरी या. भांडायचं तर बसून भांडा, निदान दम तरी पुरेल." पण छोटू गेला. तिनं थांब म्हटलं नाही.

दर उतरला, पण पुढच्या महिन्यापासून. मधल्या काळात जास्तीचं गेलेलं परत मिळणार नाही, असं बँकेनं स्वच्छ सांगितलं. फर्निचरवाल्यानं आणि ताईनं त्यावर तक्रार केली. उत्तर आलं, सगळं करारानुसारच आहे. ताई ते उत्तर वाचताना इतकी संतापली की नवऱ्यानं तिच्या हातातून कपबशी काढून घेतली.

तरी हप्ता हलका झाला होता. ताई काकूंना बोलवायला गेली. जाताना तिला बरं वाटत होतं. शब्द दिला होता, पाळायला निघाले, असं वाटत होतं.

काकूंचं घर दोन खोल्यांचं. त्या नुकत्या कामावरून आल्या होत्या. त्यांच्या अंगाला वाफेचा आणि साबणाचा वास येत होता. ताईला तो वास ओळखीचा वाटला आणि मगच कळलं की तो का येतोय.

"गॉगलकडे लागलात?"

"तिकडंच," काकू म्हणाल्या. "नवी यंत्रं आहेत. बसायला स्टूल देतो पोरगा."

ताईनं सगळं सांगितलं. बँकेनं कसं फसवलं, दर केव्हाच उतरला होता आणि आपल्याला कसं अंधारात ठेवलं, आपण हॉलमध्ये कसे उभे राहिलो. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हप्ता वाढला त्याच महिन्यात तुम्ही आमची जादा वेळ साधी केलीत," त्या म्हणाल्या. आवाजात चढउतार नव्हता. "तिसऱ्यांदा दर वाढला त्याच आठवड्यात मला काढलंत. तेव्हा उशीर नाही झाला. तुमच्याकडे अजून चौघी आहेत. त्यांची जादा वेळ पुन्हा दीडपट केलीत का?"

ताईनं तोंड उघडलं. "अजून हिशोब... हॉटेल गेलंय, काकू. जरा सावरलं की करणारच आहे."

"हो," काकू म्हणाल्या. "वेळ लागतो."

ताईच्या अंगाची लाहीलाही झाली. तिला म्हणायचं होतं, मी आणि बँक एक कशी? माझं घर गहाण आहे, मीही रोलरवर उभी राहते, माझेही हात भाजलेत. ते सगळं खरं होतं. काकूंनी पाणी पुढं केलं, ते ती प्यायली आणि उठली. दारापर्यंत आल्यावर काकू म्हणाल्या, "माझा राग नाही असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही आलात, हे बरं केलंत."

लाँड्रीत परतल्यावर तिनं चौघींना काचेच्या खोलीत बोलावलं. जादा वेळ पुन्हा दीडपट. आणि दर पहिल्यांदा उतरला त्या महिन्यापासूनचा फरकही देणार, जमेल तसा थोडा थोडा. नवरा मागं उभा होता. चौघी गेल्यावर तो म्हणाला, "हॉटेल गेलंय. पैसा कुठून आणणार आहेस?"

"ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण मला त्या बाईकडून पुन्हा ते ऐकायचं नाही."

त्यानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, कारखान्यांच्या वसाहतीत दोन नवे दवाखाने निघालेत म्हणे, उद्या व्हॅन तिकडून आणतो.

त्यातला एक दवाखाना मिळाला. हॉटेलची तूट भरून निघाली नाही, पण डोकं पाण्यावर राहिलं. ताईचा राग कमी झाला नाही, नुसता पांगला. थोडा बँकेवर, थोडा छोटूवर आणि थोडा अशा ठिकाणी, जिथं हात पोहोचत नाही. घरात छोटूचं नाव कुणी काढत नसे.

मग एका सुटीच्या दिवशी, दवाखान्याच्या चादरींचा ढीग पडलेला असताना, तो लाँड्रीच्या दारात येऊन उभा राहिला. वाळला होता. वसुलीची उन्हं लागली होती त्याला. काहीतरी बोलला, पण रोलरच्या घरघरीत काही ऐकू आलं नाही. ताईनंही यंत्र बंद केलं नाही. झेलणाऱ्या बाजूची बाई त्या दिवशी आली नव्हती. ताई त्या बाजूला एकटीच मोठमोठ्या चादरींशी झटत होती.

"तिकडून धर," ती ओरडली.

छोटूनं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि चादरीचं दुसरं टोक पकडलं. ते गरम होतं, त्यानं चटकन सोडलं, पुन्हा धरलं. घडी वाकडी झाली.

"कोपरे जुळव," ताई म्हणाली.

त्यानं जुळवले. ढीग संपेपर्यंत दोघं समोरासमोर उभी होती.